घोड्याचा ‘सर्रा’ आणि मराठीचा दावा

इंग्रजीने मराठीकडून घेतलेल्या शब्दांची यादी काही मोठी नाही. मुंगूस पोर्तुगिजांच्या हाताने तिकडे पोचला आणि ‘मंगूस’ झाला. मुंबईच्या डोंगरीशी नातं सांगणारं जाडंभरडं कापड ‘डंगरी’ म्हणून जगभरच्या कामगारांच्या अंगावर चढलं. या यादीतला आणखी एक शब्द मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो, तो म्हणजे ‘सर्रा’. घोडे, उंट, कुत्रे यांना होणाऱ्या एका जीवघेण्या तापाचं हे नाव आहे. जगभरच्या पशुवैद्यकाच्या पुस्तकांत ते आहे, आणि इंग्रजीतले मान्यवर कोश त्याची व्युत्पत्ती थेट मराठीत आणून सोडतात. मूळ शब्द म्हणे ‘सूर’, आणि अर्थ नाकपुड्यांतून सुटणारा श्वास, श्वासाची घरघर.

मराठी वाचकाला यात आनंद वाटणं साहजिक आहे. पण रोगाची लक्षणं समोर ठेवली की शंका येऊ लागते. सर्रा झालेला घोडा मुख्यतः धापा टाकत नाही. त्याला ताप चढतो, काही दिवसांनी उतरतो, पुन्हा चढतो. डोळ्यांच्या आतली त्वचा फिकट, पिवळसर पडते आणि तिच्यावर रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. पाय सुजतात, पोटाखाली पाणी उतरतं. मोतद्दाराला सगळ्यात बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी की घोडा तोबरा रिकामा करतो, दाणावैरण नीट खातो, आणि तरीही दिवसेंदिवस हाडांचा सापळा होत जातो. शेवटी मागचे पाय लटपटू लागतात आणि जनावर बसतं ते उठत नाही. उपचार झाला नाही तर काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत मरण. या सगळ्यात नाकाच्या आवाजाला लक्षण म्हणून फारसं स्थान नाही. मग रोगाला नाव श्वासावरून कसं पडेल?

हे शोधायला सिंधू नदीच्या पलीकडे जावं लागतं. १८८० साली डेरा इस्माईल खान इथे पंजाब सीमेवरच्या फौजेतले घोडे आणि उंट पटापट मरत होते. तपासासाठी ग्रिफिथ इव्हान्स नावाचा लष्करी पशुवैद्य पाठवला गेला. मूळचा वेल्सचा, वय पंचेचाळीस, आणि सूक्ष्मदर्शक बाळगणारा. त्या काळी लष्करातल्या घोड्यांच्या डॉक्टरकडे सूक्ष्मदर्शक असणं हीच नवलाची गोष्ट होती. आजारी घोड्याच्या रक्ताचा थेंब त्याने काचेखाली धरला तेव्हा तांबड्या पेशींमधून वळवळत जाणारे, माशाच्या चपळाईने उसळणारे जीव दिसले. त्याने ते रक्त निरोगी घोड्याला टोचलं, कुत्र्याला टोचलं. दोघंही त्याच तापाने पडले. स्थानिक लोक या आजाराला ‘सर्रा’ म्हणत. इव्हान्सने तेच नाव आपल्या अहवालात ठेवलं. तिथल्या घोडेवाल्यांनी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली होती. पावसाळ्यात मोठ्या तपकिरी माशा चावतात, त्याने हे होतं. इव्हान्सने तीही नोंदवली.

वरिष्ठांनी अहवालाला फारसं मोजलं नाही. कलकत्त्यात टिमथी लुईस हे त्या काळचे सूक्ष्मजीवांचे मोठे जाणकार. त्यांनी दोनच वर्षं आधी उंदरांच्या रक्तात असेच जीव पाहिले होते, आणि ते उंदरांना काही अपाय करत नव्हते. तेव्हा घोड्यातले जीवही निरुपद्रवी असणार, खरं कारण वेगळं असणार, असा निवाडा झाला. या वळवळणाऱ्या रक्तजीवांना ट्रिपॅनोसोम म्हणतात, आणि सस्तन प्राण्यांत रोग घडवणारा ट्रिपॅनोसोम पहिल्यांदा दाखवण्याचं श्रेय आज जग इव्हान्सला देतं. आफ्रिकेत डेव्हिड ब्रूसने गुरांच्या ‘नगाना’ रोगाचा परजीवी शोधला तो पंधराएक वर्षांनंतर, आणि माणसाच्या निद्रारोगाचा छडा तर विसाव्या शतकात लागला. इव्हान्सला मानाचं पदक मिळालं १९१७ मध्ये. तो शंभर वर्षं जगला म्हणून ते पाहायला मिळालं, नाहीतर हे श्रेय मरणोत्तरच पदरात पडलं असतं.

इथून गोष्ट मुंबईकडे वळते.

जॉन हेन्री स्टील हा दुसरा लष्करी पशुवैद्य. इव्हान्सच्या मानाने तरुण, लिहिण्याची हौस दांडगी. बैल, कुत्रा, हत्ती, उंट, ज्या जनावराची गाठ पडली त्याच्या रोगांवर त्याने पुस्तक लिहिलं असं म्हणायला हरकत नाही. ब्रह्मदेशात सरकारी वाहतुकीची खेचरं एका अनोळखी रोगाने मरू लागली तेव्हा त्याला तिकडे धाडलं आणि १८८५ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यालाही रक्तात तेच वळवळणारे जीव दिसले, पण त्याने त्यांची जात चुकीची लावली. चूक मात्र समजण्यासारखी होती. मुंबईत दुष्काळाच्या वर्षांत उलटून येणाऱ्या तापाची साथ आली होती आणि हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी त्या रुग्णांच्या रक्तातले मळसूत्रासारखे जंतू दाखवले होते. (शरीरशास्त्राच्या जगप्रसिद्ध ‘ग्रेज ॲनाटमी’तली चित्रं काढणारे ते हेच कार्टर. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी मुंबईत काढला.) खेचरांचा तापही उलटून येत होता. तेव्हा स्टीलने ताळा जमवला: हाही उलटणाराच ताप, आणि हाही मळसूत्री जंतूच. नाव देताना मात्र त्याने आपलं न देता इव्हान्सचं दिलं. पुढे इतरांनी त्या जिवाला योग्य कुळात नेऊन बसवलं आणि तो ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय’ झाला. शास्त्रीय लिखाणात या नावापुढे आजही कंसात ‘स्टील, १८८५’ असं लिहितात.

दुसऱ्याच वर्षी, २ ऑगस्ट १८८६ रोजी, परळला मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. स्टील त्याचा पहिला प्राचार्य. शेजारीच दिनशॉ माणकजी पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने जनावरांचं इस्पितळ उभं केलं होतं, आणि विद्यार्थ्यांना हात बसवायला जनावरं तिथेच मिळत. त्या काळची मुंबई घोड्यांवर चालत होती. ९ मे १८७४ पासून ट्राम सुरू झाली तीही घोड्यांची, आणि कंपनीच्या तबेल्यात सुमारे ९०० घोडे होते. अरबी आखातातून येणारे घोडे, ऑस्ट्रेलियातून येणारे ‘वेलर’, शर्यतींचे घोडे, व्हिक्टोरिया बग्ग्यांचे घोडे, सगळे याच बंदरातून आत येत. स्टीलला काम पुष्कळ होतं, आयुष्य थोडं. १८९१ मध्ये, पस्तिशीच्या आसपास, तो मुंबईतच वारला. इंग्लंडच्या पशुवैद्यक संस्थेने त्याच्या नावाने पदक ठेवलं. मुंबईत त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे हे विचारू नये.

त्याच सुमारास पुण्यातही हालचाल चालू होती. डिसेंबर १८८९ मध्ये तिथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली आणि आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. त्यांनी सर्राचा ध्यासच घेतला. घोड्यांच्या सर्रावरचा त्यांचा जाडजूड अहवाल १८९३ मध्ये मुंबईच्या सरकारी छापखान्यातून बाहेर पडला. त्याच वर्षी प्रयोगशाळा भरवस्तीतून उचलून हिमालयात मुक्तेश्वरला नेली, कारण पुण्यासारख्या गावात असले संसर्गजन्य जंतू बाळगणं धोक्याचं होतं. पुढे १८९७ मध्ये खुद्द जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख मुक्तेश्वरला येऊन गेले.

आता शब्दाकडे येतो, कारण मराठीचा दावा मला याच टप्प्यावर जन्मलेला दिसतो. इंग्रज कोशकाराच्या टेबलावर दोन गोष्टी असणार. एक, मुंबईत छापलेला सर्रावरचा सगळ्यात मोठा अहवाल. दुसरी, मोल्सवर्थचा मराठी कोश. १८३१ मध्ये निघालेला आणि १८५७ मध्ये साठ हजार शब्दांपर्यंत वाढलेला हा कोश इतका समृद्ध आहे की हिंदुस्थानी भाषांतला कुठलाही अडलेला शब्द त्यात जवळपास सापडतोच. ‘सर्रा’ला जवळचं काहीतरी शोधत गेलं तर ‘सूर’ मिळतो, आणि घोडा म्हटलं की फुरफुरणाऱ्या नाकपुड्या आठवतातच. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण दुसरं कुठलंही कारण मला पटत नाही. ‘सूर’ म्हटल्यावर आपल्याला गाणं आठवतं, किंवा विहिरीत मारलेला सूर आठवतो. पागेतल्या कुणा शिलेदाराने आजारी घोड्याकडे बोट दाखवून ‘याला सूर झालाय’ म्हटलं असेल, हे कानाला पटतच नाही.

उलट बाजूला एक साधा, रांगडा शब्द उभा आहे. हिंदी-पंजाबीतला ‘सड़ा’, म्हणजे सडलेला. पशुवैद्यकाच्या बऱ्याच पुस्तकांत सर्राचा अर्थ ‘सडका’ असाच दिला आहे, आणि लक्षणांशी तो बरोबर बसतो. खाऊनपिऊन उभ्या जागी झिजत, सुजत जाणारं जनावर. पंजाबीत तर ‘सड़ना’चा अर्थ जळणं असाही आहे, म्हणजे ताप आणि झीज एकाच शब्दात आली.

ध्वनीची अडचणही राहत नाही. ‘ड़’ हा उच्चार इंग्रजांना कधी जमला नाही. ते त्याचा सरळ ‘र’ करत आणि बहुधा दोनदा लिहीत. बड़ा साहेबाचा त्यांनी ‘बर्रा साहेब’ केला. घोडागाडीला ते ‘घॅरी’ म्हणत, ती म्हणजे आपली गाडीच. ज्या नियमाने बड़ाचा बर्रा झाला त्याच नियमाने सड़ाचा सर्रा झाला. मराठीतून हा शब्द गेला असता तर तो ‘सडका’ या रूपात गेला असता, कारण मराठीत ‘सडा’ म्हणजे अंगणात घालतात तो, किंवा मग एकटा, सडाफटिंग.

कुणी अभिमानी माणूस म्हणेल की १७५८ मध्ये मराठ्यांची घोडी अटकेपार गेली होती, तेव्हा पागेतला शब्द तिकडे रुजला असेल. कल्पना मोठी मोहक आहे. पण काही महिन्यांच्या मुक्कामात आपली माणसं एका रोगाचं नाव पेरून आली, ते नाव सव्वाशे वर्षं तिथे टिकलं, आणि इकडे महाराष्ट्रात मात्र त्याचा मागमूस उरला नाही, हे मानायला फारच श्रद्धा लागते. हा शब्द पंजाबचा आहे. मराठीने तो मोकळ्या मनाने परत करावा.

असे शब्द आणखीही आहेत. पावसाळ्यात घोड्याच्या अंगावर चिघळणाऱ्या जखमांना साहेब ‘बर्साटी’ म्हणू लागला, ते आपलं बरसाती. कमरेतून लुळा पडणाऱ्या घोड्याच्या आजाराला पशुवैद्य अजून ‘कुमरी’ म्हणतात, तो शब्द कमरेवरून आला. राजस्थानात उंटाच्या सर्राला ‘तिबरसा’ म्हणतात, कारण उंट तीन वर्षं झिजत राहतो. नाव ठेवणारी माणसं खोगीर घालणारी, खरारा करणारी होती. त्यांनी जे डोळ्यांना दिसलं ते सांगितलं. दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांनी याच रोगाला ‘कमरेचं दुखणं’ म्हटलं, कारण त्यांनी लटपटणारे मागचे पाय पाहिले. उत्तर आफ्रिकेतल्या अरबांनी त्याला माशीवरून नाव दिलं, ‘देबाब’. म्हणजे रोग कसा पसरतो ते त्यांच्या नावातच होतं.

शास्त्राला तिथवर पोचायला वेळ लागला. घाण पाणी, दूषित चारा, दलदल, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. शेवटी लिओनार्ड रॉजर्स यांनी मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत माशांवर प्रयोग केले आणि १९०१ मध्ये जाहीर केलं की सर्रा गोमाशी पसरवते. डेरा इस्माईल खानच्या घोडेवाल्यांनी इव्हान्सला एकवीस वर्षं आधी सांगितलेलं होतं तेच.

गोमाशीचा मामला समजून घेण्यासारखा आहे. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात वाढतो, तसं इथे काही नाही. गोमाशीचा दंश वस्तऱ्यासारखा असतो, त्वचा चिरून वर आलेलं रक्त ती चाटते. तो इतका दुखतो की जनावर लगेच शेपटी मारतं आणि माशी पोट भरायच्या आत उडते. अर्धपोटी माशी शेजारच्या जनावरावर बसते आणि तोंडाला लागलेलं ताजं रक्त नव्या जखमेत जातं. बस्स, एवढंच. ते रक्त थोडाच वेळ संसर्ग देऊ शकतं, म्हणून दोन जनावरं जवळजवळ बांधलेली असतील तरच धोका मोठा. आणि त्यातलं एक जनावर म्हैस असेल तर आणखी मोठा. म्हैस सर्राचा परजीवी महिनोन्‌महिने अंगात बाळगते आणि बऱ्याचदा तिच्याकडे पाहून काही कळतसुद्धा नाही. दूध घटतं, कधी गाभ पडतो, मालक दाण्याला दोष देतो. घोडा मात्र तेच रक्त मिळालं की मरतो.

हे वाचताना मुंबईची उपनगरं डोळ्यांपुढे आणून पाहा. रिक्षा येण्याआधी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या स्टेशनांबाहेर टांगे उभे असत. घोडे बांधायला मोकळी, स्वस्त जागा हवी, आणि तशी जागा जिथे होती तिथेच म्हशींचे तबेले. गावठाणाच्या कडेला डबकी, गवत, चिखल, म्हणजे गोमाशीच्या अळ्यांना हवं ते सगळं. तबेल्यातल्या म्हशी कुठून येत? मुऱ्हा हरियाणा-पंजाबकडून, मेहसाणी आणि जाफराबादी गुजरातेतून, रेल्वेने. म्हणजे ज्या मुलखात सर्रा हे नाव जन्मलं त्याच्याच आसपासच्या म्हशी मुंबईला दूध पाजत आल्या. १९४९ मध्ये शहरातले तबेले हलवून गोरेगावच्या डोंगरांत आरे दुग्ध वसाहत वसवली आणि सुमारे १६,००० म्हशी एका जागी आल्या. दारा खुरोडी यांची ही योजना मुख्यतः शहराच्या स्वच्छतेसाठी आणि भेसळमुक्त दुधासाठी होती. पण जनावरांच्या रोगांचा अभ्यास करायला एवढे गोठे एकत्र मिळणं हाही मोठा लाभ. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा एक परिसर आज आरेतच आहे, हे सकाळी तिथे फिरायला जाणाऱ्या अंधेरी-गोरेगावकरांना कितपत ठाऊक असतं कोण जाणे.

हिंदुस्थानातून बाहेर जाणाऱ्या जनावरांबरोबर हा रोग समुद्रापार गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत तो मॉरिशसमध्ये शिरला आणि ऊसमळ्यांतली ओढकामाची जनावरं लोळवून गेला. १९०१ मध्ये फिलिपिन्समध्ये अमेरिकन लष्कराचे घोडे त्याने मारले. १९०६ मध्ये टेक्ससच्या एका गोठेवाल्याने इथून वशिंडाचे बैल नेले. न्यूयॉर्कजवळच्या बेटावर अलग ठेवून रक्त तपासलं तेव्हा काहींत सर्रा निघाला. ती जनावरं तिथेच मारली. उरलेल्यांच्या वंशातूनही अमेरिकेची ‘ब्राह्मण’ नावाची गुरांची जात घडली. इथे वशिंड जिंकलं, सर्रा हरला.

माणसाला मात्र सर्रा होत नाही, असं शंभराहून अधिक वर्षं पुस्तकांत लिहिलेलं होतं. माणसाच्या रक्तद्रवात या परजीवीला मारणारं एक प्रथिन असतं. मग २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातल्या शिवणी गावचा एक शेतकरी चढउतार तापाने आजारी पडला. त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोम दिसले, आणि तपासाअंती ते इव्हान्सचेच निघाले. जगात माणसात खात्रीने नोंदवलेला हा पहिला सर्रा. जागतिक आरोग्य संघटनेने सुरामिन हे जुनं औषध पाठवलं, त्याने रुग्ण बरा झाला. गावातल्या १,८०६ लोकांची तपासणी केली. काहींच्या रक्तात प्रतिपिंडं मिळाली, पण जिवंत परजीवी दुसऱ्या कुणात मिळाला नाही. पुढे बेल्जियमच्या संशोधकांनी दाखवलं की त्या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असल्यामुळे ते संरक्षक प्रथिन त्या शेतकऱ्याच्या रक्तात तयारच होत नव्हतं. ‘एपीओएल-१’ हे त्या प्रथिनाचं नाव. माणसाला सर्रा का होत नाही, याचा पक्का पुरावा असा एका मराठी शेतकऱ्याच्या आजाराने दिला. व्युत्पत्तीचा दावा सोडला तरी या रोगाच्या इतिहासात महाराष्ट्राची नोंद राहणारच, आणि ती अधिक खरी आहे.

मुंबईतले घोडे आता थोडेच उरलेत. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. पण घोडा फक्त व्हिक्टोरियाला नव्हता. वरातीचे घोडे आहेत, चौपाटीवर मुलांना फिरवणारे आहेत, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांचा रात्रीचा निवारा उपनगरातच, बऱ्याचदा म्हशींच्या शेजारी असतो. कुत्र्यांनाही सर्रा होतो. त्यांचा डोळा अचानक निळसर, दुधाळ होतो आणि मालक डोळ्याचंच औषध घालत बसतो. तेव्हा घोडा किंवा कुत्रा पाळणाऱ्यांना एवढंच सांगणं. पावसाळ्यात किंवा त्याच्यानंतर जनावराला ताप येऊन-जाऊन राहत असेल, खात असूनही ते वाळत असेल, पाय किंवा पोट सुजत असेल, तर घरगुती उपाय करत थांबू नका. ताप चढलेला असताना रक्त तपासून घ्या. एका काचपट्टीवर निदान होऊ शकतं, क्विनापायरामिनसारखी औषधं मिळतात, आणि वेळेत दिली तर जनावर वाचतं. परळचं साकरबाई इस्पितळ अजूनही चालू आहे.